हरिहरेश्वरचा फोटो विकायचाय? आधी भरती-ओहोटी बघा

परभणीजवळच्या झरीहून फोटोग्राफीसाठी कोकणात जायचं, तर प्रवासाचाच खर्च मोठा. म्हणून निघण्याआधी हे तीन हिशोब करा.

१. समुद्राची वेळ: रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट पायऱ्या उतरून समुद्राकाठच्या खडकांवर जाते. लाटांनी झिजलेले ते खडक हाच तुमचा विकला जाणारा फोटो. पण भरतीत ती वाट धोक्याची. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळपास ६ तास. मित्राला मागच्या आठवड्यात ज्या वेळी ओहोटी मिळाली, त्याच वेळी तुम्हाला भरती मिळेल! दुपार कलताना ओहोटी असेल, अशीच तारीख निवडा. पाणी चढू लागलं की कॅमेरा आवरून वर या.

२. परवानगी: गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी देवस्थानला विचारा. भाविकाचा चेहरा जाहिरातीत वापरायचा, तर त्याची लेखी संमती घ्या.

३. दर: समजा खर्च ६,००० रुपये आणि ग्राहक ३. मग प्रत्येकाकडून २,००० घेतले तरी फक्त खर्च निघाला, मेहनतीचं काय? म्हणून होमस्टेवाले, कॅलेंडर छापणारे यांना आधीच फोन करा.

आजचा गृहपाठ: पुढच्या महिन्याचा भरती-ओहोटीचा तक्ता बघून जमणाऱ्या तीन तारखा वहीत लिहा. तिकीट त्यानंतर!