जिताडा

पावसाळा ऐन भरात आला, की रायगड जिल्ह्याच्या खारेपाटातील खाड्या गढूळ होतात. डोंगरावरून आलेले गोडे पाणी आणि समुद्राचे उधाण यांची तेथे गाठ पडते. त्याच पाण्यातून बोटाएवढी चपळ पिले खाडीत वर सरकू लागतात. ही जिताड्याची पिले होत.

जिताड्यालाच बंगालमध्ये भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणतात. इराणच्या आखातापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत तो आढळतो. त्याचे अंग लांबट व रुपेरी, तोंड मोठे आणि खालचा जबडा किंचित पुढे आलेला असतो. अंधारात त्याचे डोळे चमकतात. मासे, कोळंबी, खेकडे हे त्याचे भक्ष्य. परंतु भूक लागली, की तो आपल्या धाकट्या भावंडांनाही सोडीत नाही! म्हणून जिताडा पाळणारे लोक सारख्या आकाराची पिलेच एकत्र ठेवतात.

मादी आपली लक्षावधी अंडी खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात सोडते. एका दिवसाच्या आत ती फुटतात. पिले तिवरांच्या मुळांत आसरा घेतात व पुढे गोड्या पाण्यात शिरून वाढतात. तीनचार वर्षांनी ती वयात येतात, तेव्हा बहुतेक सारे नर असतात. नवल ते पुढेच आहे. सहा ते आठ वर्षांच्या सुमारास हेच नर माद्या होतात! तेव्हा पाहुण्यासाठी हौसेने घेतलेला आठदहा किलोंचा जिताडा बहुधा मादीच असतो. मोठे मासे वेचून धरले, तर अंडी घालणाऱ्या माद्याच नाहीशा होतात.

दुसरी अडचण वाटेची. शेतात खारे पाणी शिरू नये म्हणून बांधाला उघाडी असते. ओहोटीला तिचे दार उघडते, भरतीला मिटते. शेत वाचते, हे खरे. पण भरतीबरोबर येणारे पिलू बाहेरच अडते. खारेपाटातील शेतकरी अशी पिले जाळ्याने धरून आपल्या तळ्यांत सोडतात. तेथे ती चांगली पोसतात. मात्र गोड्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. चेन्नईच्या केंद्रीय संशोधन संस्थेने १९९७ साली खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत जिताड्याची पैदास साधली. तेव्हापासून तळ्यांसाठी पिले मिळण्याची आणखी एक सोय झाली. खाडीतल्या जिताड्याला मात्र दर पिढीस समुद्राचे मुख आणि तिवरांची सावली, दोन्ही लागतात.