वाघनखे आणि वस्तुसंग्रहालयाचे उत्तरदायित्व

वस्तुसंग्रहालये राजकारणापासून अलिप्त असतात, हा समज फारसा टिकणारा नाही. इमारत कोठे उभारावयाची, निधी किती द्यावयाचा, कोणत्या वस्तूला अग्रस्थान द्यावयाचे, हे निर्णय बहुधा सत्तेच्या वर्तुळातच होतात. त्यात गैर आहे असेही नाही. त्या वस्तूविषयी लोकांना काय सांगावयाचे हे कोणी ठरवावे, हा खरा प्रश्न होय.

या दृष्टीने जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आलेल्या वाघनखांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रास दिली. कायमची का नव्हे, असे अनेकांनी विचारले. ब्रिटनच्या १९८३ च्या राष्ट्रीय वारसा अधिनियमान्वये, मोजके अपवाद वगळता, त्या संग्रहालयाच्या विश्वस्तांना संग्रहातील वस्तू देऊन टाकता येत नाहीत. राजसत्तेने घातलेली बंधने तिकडेही आहेतच.

ही वाघनखे ग्रँट डफच्या घराण्याकडून त्या संग्रहालयास मिळाली. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर डफ साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. मराठ्यांच्या इतिहासावरील त्याचा ग्रंथ १८२६ साली प्रसिद्ध झाला. वाघनखांच्या पेटीवर इंग्रजी मजकूर आहे. शिवाजी महाराजांनी मोगल सरदारास ज्यांनी मारले ती हीच वाघनखे, व पेशव्यांच्या प्रधानाने ती डफला दिली, असा त्याचा आशय. आता अफझलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हे आपल्याकडील चौथीच्या मुलासही ठाऊक असते! तेवढ्यावरून वस्तू खोटी ठरत नाही. मात्र त्या मजकुरास पुरावा म्हणून किती वजन द्यावयाचे, याचा विचार करणे भाग पडते. प्रतापगडची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. तेथून डफपर्यंत सुमारे १६० वर्षे लोटली. त्या भेटीत वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा करता आलेली नाही, असे खुद्द लंडनच्या संग्रहालयाने नमूद केले आहे. महाराष्ट्रातही काही इतिहास अभ्यासकांनी हीच शंका मांडली, आणि तिचे पाहता पाहता राजकीय वादात रूपांतर झाले.

स्वागतसमारंभ करणे हे शासनाचे काम असू शकेल. संग्रहालयाचे काम निराळे: ज्ञात आहे ते सांगणे, आणि जे सिद्ध नाही ते तसेच नोंदविणे. प्रतापगड ज्या जिल्ह्यात आहे, तेथील जनतेस अर्धी माहिती देणे हा तिच्या श्रद्धेचा आदर नव्हे. शिक्षकांनी सहलीच्या वेळी विद्यार्थ्यांना वस्तूइतकीच तिच्याखालील माहितीची पट्टी वाचावयास लावावी, व हे कोणी, केव्हा, कशावरून लिहिले, असे विचारावे.

हीच कसोटी गावातही लावता येईल. देवळात वा जुन्या वाड्यात तलवार, सनद, ताम्रपट असल्यास त्याविषयी कोण काय सांगतो, त्याने ते कोणाकडून ऐकले, याची तारखेसह नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी. दोन घराणी निरनिराळी हकीकत सांगत असतील, तर दोन्ही लिहून ठेवाव्यात. सरपंच कोणत्या घराण्यातील आहे हे पाहू नये.