मानेची उशी : घ्यावी, सोडावी की बदलावी?

मानदुखीची तक्रार घेऊन आलेला रुग्ण निघता निघता एक प्रश्न हमखास विचारतो : "डॉक्टर, उशी घ्यायची की सोडायची?" घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला 'उशी बंद कर' असे बजावलेले असते, तर दुकानदाराने मेमरी फोमची महागडी उशी सुचवलेली असते. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर रुग्ण रात्री कोणत्या स्थितीत झोपतो, यावर अवलंबून आहे.

उशीचे कार्य

मानेत सात मणके असून त्यांचा पुढच्या बाजूस किंचित बाक असतो. डोके उंच करणे हे उशीचे काम नव्हे. डोके व मान यांच्या आणि गादीच्या मधली पोकळी भरून काढणे, हे तिचे काम होय. ही पोकळी स्थितीनुसार बदलते, म्हणून उशीची उंचीही बदलली पाहिजे.

मेमरी फोम म्हणजे काय?

१९६६ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेसाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानातील आसनांकरिता हा फोम विकसित केला. शरीराच्या उष्णतेने व दाबाने तो मऊ होतो आणि भार काढल्यावर सावकाश पूर्ववत होतो. त्यामुळे जड डोक्याखाली तो अधिक दबतो व मानेखाली आधार शिल्लक राहतो. मात्र वेष्टनावर छापलेली उंची आणि डोके टेकल्यानंतरची उंची यांत फरक पडतो. निवड दुसऱ्या उंचीवरून करावी. शिवाय थंडीत हा फोम कडक होतो. ग्वाल्हेरच्या जानेवारीत रात्रीच्या आरंभी टणक वाटलेली उशी थोड्या वेळाने मऊ होते. तीच उशी मे महिन्यात उष्णता धरून ठेवते व घाम आणते. अशा वेळी सुती अभ्रा व हवेची छिद्रे असलेला फोम बरा.

स्थितीनुसार निवड

१. *कुशीवर झोपणारे* : यांना सर्वांत उंच उशी लागते, दबल्यानंतर सुमारे १० ते १५ सें.मी. खांद्याची बाहेरची कड भिंतीला टेकवून ताठ उभे राहावे. डोके व भिंत यांतील अंतर हेच ढोबळ माप. गादी मऊ असल्यास खांदा आत रुततो, म्हणून त्यातून थोडे वजा करावे. या व्यक्तींनी उशी सोडली, तर मान रात्रभर एका बाजूस झुकते व दुखणे वाढते.

२. *उताणे झोपणारे* : सुमारे ७ ते १० सें.मी. पुरेशी. मानेखाली किंचित उंच व डोक्याखाली सखल असा आकार सोयीचा. हनुवटी छातीकडे वळत असेल तर उशी उंच आहे. ती छताकडे उचलली जात असेल तर सखल आहे.

३. *पालथे झोपणारे* : मान तासन् तास एका बाजूस पिळलेली राहते. उशी अगदी पातळ असावी किंवा नसावी. त्याहून उत्तम म्हणजे कुशीवर वळण्याची सवय लावावी.

कूस बदलत राहणाऱ्यांनी मध्यभागी सखल व दोन्ही कडांना उंच अशी उशी पाहावी. खात्री करण्यासाठी घरातील कोणास तरी निरीक्षण करण्यास सांगावे : कुशीवर असताना नाक व छातीचे मधले हाड एका सरळ रेषेत दिसले पाहिजे.

सावधानता

एक वर्षाखालील बालकाला कोणतीही उशी देऊ नये. गुदमरण्याचा धोका असतो. आम्लपित्ताच्या रुग्णांनी उशांची चळत रचू नये, त्याने पोट दुमडते; पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सें.मी. उचलावी. मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास थांबणे यांवर उशी हा उपचार नव्हे.

हातात मुंग्या येणे, पकड सैल होणे, चालताना तोल जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास उशी बदलण्यात वेळ दवडू नये. तत्काळ तपासणी करून घ्यावी. उलट, चाळिशी-पन्नाशीनंतर क्ष-किरण चित्रात मणक्यांची झीज पुष्कळ निरोगी माणसांतही दिसते. केवळ तेवढ्यावरून घाबरून उशी टाकून देण्याचे कारण नाही.

निगा

नव्या उशीचा वास जाण्यासाठी ती एक-दोन दिवस हवेशीर जागी ठेवावी. कापसाच्या उशीप्रमाणे तिला उन्हात घालू नये, पाण्यात भिजवू नये. फक्त अभ्रा धुवावा. पूर्ववत होईनाशी झाली की ती बदलावी.

उशी कोणतीही घ्या, सकाळी मान हलकी वाटली तर ती योग्य. एक-दोन आठवड्यांच्या वापरानंतरही मान आखडत असेल, तर किंमत कितीही असो, ती उशी आपली नव्हे.