बातमीतला जामीन आणि खटल्याचा टप्पा

सई,

कोर्टाच्या बातम्या आता तुझ्याकडे आल्या आहेत, तर कायद्याचे शब्द पाठ करण्याआधी खटला कसा पुढे सरकतो ते समजून घे. कोर्टातला शब्द ठरावीक टप्प्यावरच लागू पडतो, आणि टप्पा चुकला की वाचकाच्या मनात माणूस खटल्याविनाच दोषी ठरतो. दोषारोपपत्र हे पोलिसांचं म्हणणं. त्यावरून न्यायाधीश आरोप निश्चित करतात ते नंतर, आणि तिथे बळकट संशय पुरतो; शिक्षेला मात्र वाजवी शंकेपलीकडचा पुरावा लागतो. तरीही ‘आरोप निश्चित’चं ‘आरोप सिद्ध’ करणारे महाभाग आहेतच! आरोप निश्चितीआधी, पुरेसा आधार नाही म्हणून सुटला तो दोषमुक्त. खटला चालून सुटला तो निर्दोष मुक्त. अपील सोडलं तर दुसऱ्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही. पहिल्याला हे संरक्षण नाही, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 337 चं स्पष्टीकरणच सांगतं.

सर्वांत जास्त घोटाळा जामिनाचा. अटकेनंतर 24 तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. पुढे पोलीस कोठडी किंवा न्यायालयीन कोठडी मिळते. न्यायालयीन कोठडीत तो तुरुंगात असतो, पोलिसांच्या ताब्यात नाही. तपास 60 दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत संपला नाही, तर जामीन मागणं हा आरोपीचा हक्क होतो. इथे पुरावा किती भक्कम, हा प्रश्नच नसतो. मग ‘पुराव्याअभावी जामीन’ कुठून आलं? लोक म्हणतील, जामीन झाला म्हणजे सुटलाच की. सुटला तो कोठडीतून. खटला तसाच उभा असतो, आणि अटी मोडल्या तर जामीन रद्दही होतो.

वाचकाला एवढ्या बारकाव्याला वेळ नाही, असं तुला ऑफिसात ऐकवलं जाईल. त्यात तथ्य आहे; मथळ्याला जागा कमी असते. पण ‘मुदत टळल्याने जामीन’ हे काही ‘पुराव्याअभावी जामीन’पेक्षा लांब नाही. मथळा तुझ्या हातात नसेल तेव्हा पहिल्याच वाक्यात कोर्ट कोणतं, टप्पा कोणता आणि पुढची तारीख काय, एवढं घाल. आदेशाची प्रत हाती येईपर्यंत वकिलांनी बाहेर सांगितलेलं त्यांच्याच तोंडी ठेव. दोन्ही बाजूंचे वकील आपलीच सरशी सांगतात.

तुझा,
मामा