उचल घेण्याआधी एवढं ऐक

सोने, दिवाळी झाली की तुम्ही दोघं पहिल्यांदा ऊसतोडीला, कोयत्यावर जाणार, असं आई म्हणाली. इथं केजात बचतगटाच्या कामामुळे बायकांचे कागद रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून मोकळेपणानं बोलते. लग्न, उचल, बाळंतपण, घरातल्या कुणाचं जाणं, अशा प्रत्येक वेळी पैसा आणि जमीन या हातातून त्या हातात जाते. आपलं नाव कागदावर लागायला हवं ते तेव्हाच. मागाहून गेलं की भाऊबंद विचारतात, "आताच कशाला?"

आधी उचलीचं बघ. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे तुम्ही दोघं. जावईबापू ऊस तोडतील, तू मोळ्या बांधशील, डोक्यावर घेऊन गाडी भरशील. मग पैसे मोजताना तूही तिथं बस. उचल किती घेतली, टनाला भाव काय ठरला, दिवस बुडला तर खाड्याचे किती कापणार, हे वहीत तारखेसह लिही आणि खाली मुकादमाची सही घे. रोजच्या गाडीचं वजनही त्याच वहीत मांड. पाडव्याच्या सुमाराला परतताना अंगावर बाकी निघाली, तर ती खरी किती हे वहीवरूनच कळेल. नाहीतर त्या बाकीपायी पुढच्या सालीही त्याच टोळीत जावं लागतं. उचलीतून आधी किराणा आणि सासूबाईंची औषधं भागव, थोडे मागे टाक. मोटारसायकल पुढच्या साली घेता येईल.

फडात असताना अंगावरून जाण्याचा, पोटदुखीचा त्रास झाला आणि कुणी लगेच गर्भपिशवी काढायला सांगितलं, तर थांब. 2019 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांची सरकारला चौकशी करावी लागली होती. खाडा नको म्हणून, कर्ज काढून बायकांनी पिशव्या काढल्या, आणि कंबरदुखी अंगावर राहिली. आधी अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवू. मी येते सोबत.

तुझ्या एकटीच्या नावाचं बँकेतलं खातं चालू ठेव. आईनं लग्नात घातलेलं सोनं स्त्रीधन आहे, कायद्यानं ते तुझंच. अडचणीत गहाण टाकावं लागलं तर पावती तुझ्या नावावर कर. जास्त व्याजाला भुलून मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेव ठेवू नको. बीड जिल्ह्यात किती घरांचे पैसे तिथं अडकले, ते तू पाहिलंस. बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

त्याच बँकेत दोघांचेही दोन विमे काढा. पंतप्रधान जीवन ज्योती विमा वर्षाला 436 रुपये, पंतप्रधान सुरक्षा विमा 20 रुपये. पहिल्यात कसाही मृत्यू झाला तरी 2 लाख मिळतात, मात्र पहिल्या 30 दिवसांत फक्त अपघाती मृत्यू धरतात. दुसरा अपघातासाठी, त्यातही 2 लाख. हप्ता मेअखेर खात्यातून कापतात, तेव्हा तेवढी शिल्लक ठेव. जावईबापूंच्या फॉर्मवर वारस म्हणून तुझं नाव आहे का, ते स्वतः वाच.

आता जमीन. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची हाक दिली होती, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा म्हणून. 1992 पासून सरकारचीही तशी सोय आहे. जावईबापूंच्या नावावर जमीन असेल तर दोघं मिळून तलाठ्याकडे अर्ज द्या. मी हे का म्हणते सांगू? आपल्या भागात नवरा गेल्यावर दु:ख आवरायच्या आत बाईला वारसनोंदीसाठी चकरा माराव्या लागतात. तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं लागतं, आणि तेवढ्यात दिरांनी वारसाचा दाखला आणलेला असतो. आधीच नाव असेल तर तिला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

आणि आपल्या बाबांची जमीन. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्रात 1994 पासून, देशभर 2005 पासून. उद्या दादा हक्कसोडीचा कागद घेऊन आला तर माहेर तुटेल, ही भीती मलाही वाटते. भावावर माझी माया आहेच. पण दोघींनी तो कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही. वाटा सोडायचा ठरला तर तो आपण मनानं सोडलेला असावा, लाजेपोटी नव्हे.

तर मुकादम यायच्या आधी दोघंही माझ्याकडे या. आधार, पासबुक, सातबारा बरोबर आणा. जावईबापूंपासून यातलं काही लपवायचं नाही. त्यांच्यासमोर बसून एकेक कागद पाहू. तुझं नाव लागलं की संसाराचं ओझं त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही, हे मी त्यांना स्वतः सांगेन.