सहा तासांत एक थेंब : अंगावरच्या औषधयंत्रांतलं करिअर

बारावीचा निकाल लागला की पुण्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "नीटमध्ये एमबीबीएसपुरते मार्क नाहीत, पण ओढा मेडिकलकडेच आहे. आता काय?" हल्ली त्याच्या जोडीला दुसराही असतो : "कोडिंग जमतं, पण नुसत्या आयटीत जायचं नाही." या दोन्ही मुलांना एकाच टेबलाशी बसवणारं एक क्षेत्र आहे. इन्सुलिन पंप किंवा त्वचेवरचे पॅच यांसारखी, अंगावर वागवायची आणि ठरल्या गतीने शरीरात औषध सोडणारी साधनं.

काम नेमकं काय असतं?

गोळी घेतली की रक्तातलं औषधाचं प्रमाण चढतं आणि काही तासांत उतरतं. काही आजारांत हा चढउतारच त्रासदायक ठरतो. टाइप वन मधुमेहात तर शरीराला दिवसरात्र थोडंथोडं इन्सुलिन लागतं. पंप ते देतो.

आता आकडे पाहा. नेहमीच्या इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. समजा, पंप ताशी ०.८ युनिट सोडतो आहे, म्हणजे ०.००८ मिलिलिटर. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर एक थेंब संपायला सहा तासांहून अधिक वेळ लागतो. इवलीशी मोटर दट्ट्या केसभर सरकवते, थांबते, पुन्हा सरकवते. माणूस जिना चढत असो, झोपलेला असो की बसमध्ये हिसके खात असो, हिशेब चुकता कामा नये.

आणि चुकला तर? त्वचेखालची बारीक नळी दुमडली की इन्सुलिन पोचत नाही. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असल्याने शरीरात साठा उरत नाही आणि काही तासांतच प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून अलार्म हवा. तो ऊठसूट वाजला, तर रुग्ण वैतागून त्याकडे दुर्लक्ष करेल. उशिरा वाजला, तर जिवावर बेतेल. नेमका कधी वाजवायचा, हे डॉक्टर, मेकॅनिकलवाला आणि सॉफ्टवेअरवाला एकत्र बसल्याशिवाय ठरत नाही.

पॅचमध्ये मोटर नसते. तिथे वेग ठरतो पॉलिमरच्या थरांवर आणि त्वचेवर. प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायच्या पॅचला अमेरिकेत १९७९मध्ये मंजुरी मिळाली; तो तीन दिवस चालतो. कर्करोगाच्या तीव्र वेदनांसाठी वापरला जाणारा फेंटानिलचा पॅचही साधारण तीन दिवसांनी बदलतात. पण त्यावर गरम पिशवी ठेवली, तर औषध वेगाने शरीरात जाऊन जीव धोक्यात येऊ शकतो. आपल्याकडे दुखलं की शेक देणं हा घरचा पहिला उपाय. हे ज्याच्या ध्यानात असेल, तोच मराठी सूचनापत्रक नीट लिहील.

शाखा कोणती घ्यावी?

या कामाची एकच एक पदवी नाही. म्हणून नावात 'वेअरेबल' किंवा 'स्मार्ट हेल्थ' असलेला चकचकीत कोर्स शोधत बसू नका. पाया भक्कम असलेली शाखा घ्या आणि शेजारची शाखा बोलण्यापुरती शिका.

*औषधाची बाजू :* बी.फार्म., पुढे फार्मास्युटिक्समध्ये एम.फार्म. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम आणि पीसीबी या दोन्ही गटांतून बी.फार्म.ला जाता येतं. एम.फार्म.साठी जीपॅट द्यावी. एरंडवण्यातलं पूना कॉलेज ऑफ फार्मसी अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. तिथली प्रवेशाची पद्धत आधी तपासा.

*यंत्राची बाजू :* इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स. सीओईपी आणि मुलींसाठी कमिन्स कॉलेज ही पुण्यातली परिचित नावं. आयआयटी मुंबईत २०१४मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय उपकरणांच्या 'बेटिक' या उपक्रमाची शाखा सीओईपीतही उभी राहिली. बायोमेडिकल पुढे घ्यायचं असेल, तर २०२०पासून गेटमध्ये त्याचा स्वतंत्र पेपर आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेल्यांनाही डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता खुला आहे.

*पदार्थाची बाजू :* रसायनशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. आणि पुढे संशोधन. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, पॉलिमरवरच्या संशोधनाची मोठी परंपरा आहे. तिथलंच व्हेंचर सेंटर २००७पासून विज्ञानाधारित स्टार्टअपना हात देतं.

पालकांचे तीन प्रश्न

*नोकरी पुण्यात मिळेल का?* खरं सांगायचं, तर आपल्याकडे वापरले जाणारे इन्सुलिन पंप बहुतांशी आयात होतात. इथे पंपांच्या कारखान्यांची रांग लागलेली नाही. पण औषधाची घडण, चाचण्या, गुणवत्ता, परवान्यांची कागदपत्रं ही कामं आहेत. एमक्युअरचं मुख्यालय पुण्यात आहे, ल्युपिनचं संशोधन केंद्र मुळशी तालुक्यात. सुरुवात बहुधा अशाच ठिकाणी होईल, थेट पंपावर नव्हे.

*पगार?* पहिली काही वर्षं आयटीतल्या मावसभावाशी तुलना टाळा. इथे अनुभवाची किंमत हळूहळू वाढते.

*कोणत्या मुलाला हे मानवणार नाही?* ज्याला नोंदी ठेवायचा कंटाळा आहे त्याला. वैद्यकीय उपकरण नियम २०१८पासून लागू आहेत. त्यांत धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग केले आहेत. उपकरण जितकं जोखमीचं, तितके पुरावे अधिक. एखादा स्क्रू बदलला तरी का बदलला, कोणी तपासला, हे लिहून ठेवावं लागतं. या नियमांचा आणि गुणवत्तेच्या आयएसओ १३४८५ या मानकाचा अभ्यास कॉलेजात असतानाच केला, तर मुलाखतीत फरक पडतो.

पहिल्या वर्षापासून काय करावं?

फार्मसीच्या मुलांनी एक साधा सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर जोडून पाहावा. इंजिनिअरिंगच्या मुलांनी डोस आणि शोषण यांवरचं फार्माकॉलॉजीचं प्राथमिक पुस्तक वाचावं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दुसऱ्या शाखेच्या मित्राबरोबर करता येतो का, हे तिसऱ्या वर्षीच विचारून ठेवा. शक्य असेल, तर पंप वापरणाऱ्या एखाद्या रुग्णाशी त्याच्या परवानगीने बोला; अंघोळ, प्रवास, झोप यांत काय अडतं, ते ऐका.

आणि पालकहो, कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना क्रम शाखेच्या फॅशनवर लावू नका. मुलाला औषधात, यंत्रात की पदार्थात रस आहे, एवढं आधी ठरवा. त्या बाजूचं बऱ्यापैकी कॉलेज मिळालं, तर बिनधास्त घ्या. उरलेल्या दोन बाजूंची माणसं त्याला कामावर भेटणारच आहेत. त्यांचं बोलणं कळण्याइतकी तयारी करायला त्याच्या हातात चार वर्षं आहेत.