गल्लीचा उकिरडा

उकिरडा हा शब्द आज शहरी माणूस शिवी दिल्यासारखा उच्चारतो. खेड्यात तसे नव्हते. गोठ्यातले शेण, चुलीतली राख, झाडलोटीचा केर, भाजीची देठे, जनावरांनी टाकलेले वैरणीचे बुडखे, सारे घरामागच्या खड्ड्यात पडे आणि उन्हाळ्यात खत होऊन गाडीने शेतात जाई. दिवाळीत घरादारात पणत्या लागत तशी एक उकिरड्यावरही ठेवली जाई. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, ही म्हण नशिबासंबंधी खरी. पण ती प्रथम ज्याच्या तोंडून निघाली त्याला खताची माहिती असलीच पाहिजे. आमचे कन्नड विभागातील सहकारी सांगतात की त्यांच्याकडे उकिरड्याला ‘तिप्पे’ म्हणतात आणि तिथल्या खताला ‘तिप्पेगोब्बर’. म्हणजे ढीग आणि खत ही दोन्ही एकाच शब्दात सुखाने नांदतात.

शहरात उकिरडा गेला आणि कचरा आला. आपल्याकडील शहरांच्या कचऱ्यात वजनाने सुमारे निम्मा भाग ओला असतो : भाजीची साले, फळांची टरफले, उरलेला भात, चहाचा चोथा. तो प्लॅस्टिक, काच आणि चिंध्यांबरोबर एका गाडीत बसून गावाबाहेर जातो. मात्र ‘गावाबाहेर’ म्हणजे कुणाच्या तरी गावात, हे आपल्या ध्यानी येत नाही. पुण्याच्या बाबतीत ते गाव उरुळी देवाची होते, बंगळूरच्या बाबतीत मंडूर. मंडूरच्या लोकांनी रस्त्यावर येऊन गाड्या अडवल्या, तेव्हा २०१४ अखेर तिथे कचरा टाकणे थांबले. आपल्या बेळगावच्या कचऱ्यासाठी तुरमुरीची जागा ठरली. आपण सकाळी डबा रिकामा करतो त्याचा वास कुणाच्या अंगणात येतो, एवढे तरी प्रत्येक नागरिकाला ठाऊक असावे.

कचऱ्याच्या डोंगरात ओला भाग खाली दडपला जातो. तिथे हवा पोचत नाही, म्हणून तो कुजण्याऐवजी सडतो. त्यातून मिथेन वायू निघतो आणि काळे पाणी झिरपते. मुंबईच्या देवनारला जानेवारी २०१६ मध्ये आणि कोचीच्या ब्रह्मपुरमला मार्च २०२३ मध्ये कचऱ्याला लागलेल्या आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या. मिथेन हा उष्णता धरून ठेवण्याच्या बाबतीत, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक प्रभावी आहे, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको.

यावर उपाय म्हणून गल्लीगल्लीत, वसाहतीवसाहतीत खत करावे असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण अशा कित्येक खड्ड्यांचा शेवट पहिल्या पावसाळ्यात होतो. असे का व्हावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार या लेखात करावयाचा आहे. कारण मी स्वतः अशा एका खड्ड्याचा भागीदार होतो.

आमच्या वसाहतीत चाळीस घरे. एका संक्रांतीला सर्वांनी मिळून मैदानाच्या कडेला दोन जाळीदार विटांचे हौद बांधले. घरोघरी डबे दिले. पहिले चार महिने सारे सुरळीत चालले आणि आम्हांला थोडा गर्वही झाला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. पंधरा दिवसांत हौदातून नासलेल्या अंड्यासारखा वास येऊ लागला, तळाशी काळा रबडा साचला, करड्या अळ्यांचा बुजबुजाट झाला. (त्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या होत्या. त्या रोग पसरवीत नाहीत, उलट कचरा भराभर खातात. पण नाकाला पदर लावून उभ्या असलेल्या शेजारीणबाईंना हे पटवून देण्याची ती वेळ नव्हती.) ऑगस्टमध्ये बैठक भरली आणि हौद बुजवावेत असे ठरले. एका निवृत्त गृहस्थांनी विचारले, “प्राध्यापक, तुम्ही शिकवता ना हे?” उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते मला नंतर सापडले, तेही नव्वद वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकात.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत आले. १९२४ साली ते इंदूरला गेले आणि होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर त्यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री ही संस्था उभारली. तिथे रसायन विभागात यशवंत वाड हे त्यांचे प्रमुख साहाय्यक होते. खताच्या ‘इंदूर पद्धती’ला जग हॉवर्ड यांच्या नावाने ओळखते, परंतु १९३१ साली निघालेल्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’ या मूळ पुस्तकावर दोघांची नावे आहेत. वाडांचे नाव आपल्या मराठी मंडळींनाही फारसे ठाऊक नसावे याची खंत वाटते. पुढे १९३४ साली त्यांनी जॅक्सन यांच्याबरोबर वस्तीतील कचरा व मैला यांवर हीच पद्धती कशी वापरावी याची पुस्तिका लिहिली. शेतातली पद्धती शहरात आणण्याचा विचार इतका जुना आहे.

इंदूरची रीत थोडक्यात अशी. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि केवळ दोन फूट खोल असा उथळ खड्डा. त्यात पालापाचोळा व धसकटांचे थर, त्यांवर शेणकाला, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख. साधारण दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी अशी तीन वेळा चाळवणी. तीन महिन्यांत खत तयार. कपाशीच्या कडक पळाट्या कुजत नाहीत म्हणून त्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेत. त्या पुस्तकात माझे डोळे उघडणाऱ्या दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, वाळलेला पालापाचोळा वर्षभर गोळा करून खड्ड्यांजवळ गंजी रचून ठेवावयाचा. दुसरी म्हणजे, पावसाळ्यात खड्डा वापरावयाचाच नाही, कारण त्यात पाणी भरते. त्या दिवसांत जमिनीवर ढीग करावयाचा. आम्ही पावसाळ्याच्या तोंडी खड्डा तर वापरलाच होता, आणि गंजी मुळीच रचली नव्हती.

आता यामागचे शास्त्र पाहू. कुजविणारे जिवाणू कर्बावर जगतात आणि शरीर बांधण्यासाठी नत्र घेतात. त्यांना कर्ब आणि नत्र साधारण तीसास एक या प्रमाणात लागतात. नत्र जास्त झाले तर ते अमोनियाच्या रूपाने उडून जाते आणि नाकाला झोंबते. कर्ब जास्त झाला तर ढीग थंड पडून राहतो. दुसरी गरज पाण्याची. ढिगात पन्नास ते साठ टक्के पाणी असावे. त्यापेक्षा अधिक झाले तर कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवा कोंडते आणि हवेवर जगणारे जिवाणू मरून हवेवाचून जगणारे माजतात. आमच्या हौदाचा वास तो हाच.

स्वयंपाकघरातल्या शंभर किलो कचऱ्याचे गणित मांडू. त्यात सुमारे ऐंशी किलो पाणीच असते. उरलेल्या वीस किलोंत कर्ब आठ किलो आणि नत्र अर्धा किलो धरले तर प्रमाण सोळास एक पडते. यात वीस किलो वाळकी पाने मिसळली, तर पानांतला कर्ब सुमारे आठ किलो आणि नत्र जेमतेम दीडशे ग्रॅम. प्रमाण पंचवीसवर येते. म्हणजे नत्राचा प्रश्न जवळजवळ सुटला. पण पाणी? एकशे वीस किलोंत ब्याऐंशी किलो, म्हणजे अडुसष्ट टक्के. ढीग अजून सडणारच. पाने चाळीस किलो केली की पाणी बरोबर साठ टक्क्यांवर येते आणि कर्ब-नत्राचे प्रमाण तीसवर जाते. पान हलके असल्यामुळे मापाने पाहिले तर एका बादली कचऱ्याला दोन ते तीन बादल्या पाने पडतात. आम्ही शिंपडल्यासारखी मूठभर टाकत होतो.

आता घरटी रोज अर्धा किलो ओला कचरा धरा. चाळीस घरांचा वीस किलो. त्याला रोज आठ किलो पाने. वर्षाची झाली एकोणतीस क्विंटल. यातली जून ते सप्टेंबरची जवळजवळ दहा क्विंटल पाने, जेव्हा बेळगावात वाळके पान शोधूनही मिळत नाही त्या दिवसांसाठी, मेअखेर कोरड्या जागी पोत्यांत भरलेली हवीत. शहरात खत करू पाहणाऱ्याला तुटवडा कचऱ्याचा कधीच पडत नाही. तुटवडा पडतो तो पानांचा. आणि हीच पाने जानेवारी ते मार्चमध्ये आपण झाडून ढीग करतो आणि काडी लावतो! २०१६ च्या केंद्रीय नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, तरी सकाळच्या फिरण्यात चार ठिकाणी तो धूर भेटतोच.

पुढच्या वर्षी आम्ही उलटे केले. आधी पाने, मग कचरा. रिकाम्या मोटारखान्यात पोती रचली, हौदांवर पत्रा टाकला, तळाला फांद्यांचा आणि नारळाच्या सोडणांचा वीतभर थर दिला. गुलमोहराची आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पाने लवकर कुजतात. आंबा आणि साग यांची चिवट, म्हणून ती वाळल्यावर पोत्यातच तुडवून घेतली. बैलगाडीची चाके मिळाली नाहीत, पण मुलांचे पाय मिळाले. विरजणासाठी जुने खत किंवा शेणकाला पुरतो. दुकानात मिळणाऱ्या भुकट्यांवर पैसे खर्चण्याचे कारण मला तरी दिसले नाही.

ढीग साधारण एक मीटर लांब, रुंद व उंच झाला की आतून तापतो. पंचावन्न ते पासष्ट अंशांपर्यंत तापमान चढते आणि पंचावन्नच्या वर तीन दिवस राहिले की बहुतेक रोगजंतू व तणांचे बी मरते. तापमापक नसेल तर लोखंडी सळई दहा मिनिटे ढिगात खोचून बाहेर काढावी. हातात धरवत नसेल तर काम चालू आहे. ओलाव्यासाठी मूठभर माल पिळून पाहावा. दोन-चार थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाने हवीत. आमटीचे पाणी निथळून टाकावे, हाडे आणि तेलकट पदार्थ उंदरांना बोलावतात म्हणून ते बेताने आणि ढिगाच्या पोटात पुरावेत.

इथे ‘बंगळूर पद्धती’चा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. १९३९ च्या सुमारास सी. एन. आचार्य यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ती बसविली. चरात कचरा आणि सोनखत यांचे थर द्यावयाचे, वरून मातीने लिंपावयाचे आणि सहा ते आठ महिने हात लावावयाचा नाही. चाळवणीची मजुरी वाचते, नत्रही कमी उडते. पण वेळ अडीच पट आणि जागा मोठी. नगरपालिकेला ती सोयीची, गल्लीला नव्हे. तरी हिंदुस्थानातील खतशास्त्राच्या दोन मुख्य पद्धतींपैकी एक मराठी वस्तीच्या इंदूरची आणि दुसरी कन्नड राजधानीची असावी, हे या दुभाषी अंकात नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

राहिला माणसांचा प्रश्न. ढीग चाळवावयाचा कोणी? उत्साह तीन महिने टिकतो. नंतर फावडे पुन्हा पौरकार्मिकाच्या हाती जाते आणि तेही फुकट. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर हे काम जातीने लादले गेले, त्यांच्याकडून ते धर्मार्थ करून घेण्याचा आपणांस अधिकार नाही. पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेतून २००८ साली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिचे सभासद घरोघरचा वर्गीकृत कचरा मोबदला घेऊन उचलतात आणि काही वसाहतींतून खताचे कामही मोबदल्यावर पाहतात. आम्ही त्याच धर्तीवर घरटी वर्गणी ठरविली. वर्गणीवरून झालेली भांडणे वासावरून झालेल्या भांडणांहून मोठी होती हे कबूल करतो. पण रोज डबे पाहणारे माणूस पगारी झाल्यावर एक बदल झाला. भाजीच्या सालांत ब्लेड आणि औषधांची पाकिटे टाकणाऱ्या घरांना नावानिशी सांगितले जाऊ लागले, आणि ज्याच्या बोटाला ते ब्लेड लागले असते तोच सांगू लागला.

खत किती निघते? घातलेल्या मालाच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा, म्हणजे चाळीस घरांचे वर्षाकाठी तीन टन. कुंड्यांना ते फार होते आणि शेताला फार थोडे. एका एकराला पाच टन तरी चांगले कुजलेले खत घालावे लागते. वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातील एका शेतकऱ्याने आमचे पहिले चार पोते उचलताना आधी हात घालून काच आहे का पाहिले, मग वास घेतला. पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास आला तेव्हाच त्याने पोती गाडीत टाकली. पैसे दिले नाहीत. भाताच्या सुगीनंतर पाच किलो बासमती आणून दिला.

आमच्या कॉलेजच्या आवारात तीस-चाळीस मोठी झाडे आहेत. दर फेब्रुवारीला ग्रंथालयाच्या मागे त्यांची पाने जळतात. ती किती क्विंटल भरतात हे कुणी तोललेले नाही. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला या वर्षी प्रकल्पासाठी विषय हवा आहे. तागडी प्रयोगशाळेत आहे, पोती मी आणतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली पाहिजे, माळीबुवांनी काडी ओढण्याच्या आत.